चौदाशे क्रिकेट-पुस्तकांसाठी कर्ज काढावे का?

प्रश्न : माझे वय ४७. नोकरी करतो. वीस वर्षांपासून क्रिकेटची जुनी पुस्तके जमवतो आहे. साडेसहाशेच्या आसपास पुस्तके आहेत, शिवाय सह्यांची पत्रके, जुनी स्कोअरकार्डे आणि सही केलेल्या दोन बॅटी. दुबार प्रती ऑनलाइन विकतो. तीन वर्षांत सत्तर गेल्या. ओळखीतले एक संग्राहक वारले आणि त्यांच्या घरचे आता त्यांची चौदाशे पुस्तके एकगठ्ठा विकत आहेत. मागितलेल्या रकमेच्या साठ टक्के माझ्याकडे ठेवीत आहेत. उरलेल्या चाळीस टक्क्यांसाठी पाच वर्षांचे वैयक्तिक कर्ज १२ टक्क्यांनी मिळते आहे. माझ्या यादीप्रमाणे सगळे विकून अडीचपटीहून जास्त येतील. दोन वर्षांत नोकरी सोडून हेच करायचा विचार आहे. पत्नी म्हणते, आधी घरातली विकून दाखवा. तुमचे मत?

उत्तर : वहिनींनी एका वाक्यात जे सांगितले तेच मला आकडे मांडून सांगावे लागणार आहे. पण तुमचा बेत टाकाऊ नाही. विषयाची जाण, वीस वर्षांचा सराव आणि समोर चालून आलेला साठा, हे तिन्ही एका माणसाकडे सहसा नसते. अडचण पैसे उभे करण्याच्या तुमच्या वाटेत आहे आणि विक्रीच्या वेगाबद्दलच्या तुमच्या अंदाजात आहे.

तुम्ही पाठवलेली यादी पूर्ण वाचली. हिशेब सोपा व्हावा म्हणून घरच्यांनी मागितलेली रक्कम १०० धरू. तुमची ठेव ६०, कर्ज ४०, महिन्याचा घरखर्च ४ आणि तुमच्या अंदाजाने विक्रीतून येणारे २६०. यादीतली नव्वद पुस्तके तुम्ही लाल शाईने खूण करून वेगळी काढली आहेत आणि त्यांचे १२० धरले आहेत. उरलेल्या तेराशे दहांचे १४०.

आता हे २६० आले कुठून? प्रत्येक पुस्तकापुढे तुम्ही ऑनलाइन दिसणारी किंमत लिहिली आहे. ती विक्रेत्याने मागितलेली किंमत आहे. त्या किमतीला कोणी घेतले असते तर ते पुस्तक अजून तिथे दिसले नसते. झालेल्या लिलावांचे निकाल आणि विकल्या गेलेल्या नगांच्या किमती शोधा, ते आकडे खरे. एक उदाहरण तुमच्याच यादीतून देतो. रणजितसिंहजींचे १८९७ सालचे ‘ज्युबिली बुक ऑफ क्रिकेट’ तुम्ही सर्वात महागड्या पाचांत धरले आहे. त्याची मर्यादित, रणजींच्या सहीची मोठ्या कागदावरची आवृत्ती खरोखरच मोलाची आहे. पण ते पुस्तक निघाल्या वर्षीच भरपूर खपले आणि साध्या प्रतीच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. तुम्ही जोडलेल्या फोटोत शीर्षकाच्या पानावर आवृत्तीचा क्रमांक स्पष्ट दिसतो आणि सहीचा पत्ता नाही. किंमत मात्र तुम्ही सहीच्या प्रतीची लावली आहे. सव्वाशे वर्षे जुने आहे म्हणून दुर्मीळ आहे, असे होत नाही.

विस्डेन या इंग्लंडमधल्या क्रिकेट-वार्षिकाच्या अंकांचे तर शास्त्रच वेगळे, आणि तुमच्या नव्वदांत एकतीस विस्डेन आहेत. १८६४ चा पहिला अंक ११२ पानांचा होता. त्या सुरुवातीच्या अंकांची पुढे हुबेहूब पुनर्मुद्रणे निघाली. ती पाहून दचकायचे नाही, पण मूळ समजून पैसेही मोजायचे नाहीत. १८९६ पासून प्रकाशकाने जाड बांधणीची प्रत काढायला सुरुवात केली, तेव्हापासून एकाच वर्षाच्या दोन प्रतींच्या भावात मोठे अंतर पडते. ओळखीचे पिवळे मुखपृष्ठ आणि त्यावरचे चित्रकार रॅव्हिलियस यांचे लाकूडठशाचे चित्र १९३८ चे. युद्धकाळात कागदाची टंचाई असल्याने त्या वर्षांचे अंक कमी छापले गेले, म्हणून ते आज महाग. आणि १९१६ चा अंक सगळ्यांना हवा असतो, कारण १९१५ मध्ये गेलेल्या इंग्लंडच्या डब्ल्यू. जी. ग्रेस आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टर ट्रम्पर या दोन थोर फलंदाजांचे मृत्युलेख त्यात आहेत. तुम्हाला हे माहीत आहे, तुमच्या पत्रातूनच कळते. तरीही एकतीसपैकी नऊ अंकांपुढे तुम्ही ‘पुन्हा बांधलेला’ असे लिहून किंमत मूळ बांधणीची ठेवली आहे. बांधणाऱ्याने मूळ कागदी आवरण आणि जाहिरातींची पाने काढून टाकली असतील तर संग्राहक त्या प्रतीला हात लावत नाही, वाचायला हवी असेल तोच घेतो, आणि तो पैसे सोडत नाही.

म्हणून नव्वदांचे १२० मी ८० धरतो. तेराशे दहांत बहुतेक गेल्या चाळीस वर्षांतली खेळाडूंची आत्मचरित्रे आणि दौऱ्यांची पुस्तके आहेत, जी ढिगाने छापली गेली. त्यातली निम्मी तुमच्या किमतीच्या दोन-तृतीयांशाला गेली तर ४७ येतील. उरलेली शेवटी गठ्ठ्याने काढावी लागतील, त्यांचे १० धरा. एकूण १३७. यातून संकेतस्थळाचे कमिशन, खोकी, पोस्ट आणि परत आलेली पार्सले यांचे वीस टक्के वजा केले की हातात उरतात ११०. पाच वर्षांत कर्जावरचे व्याज होते १३ च्या वर. म्हणजे १०० घालून ९७ परत, आणि तुमच्या ६० वर ठेवीत मिळाले असते ते व्याज वेगळेच बुडाले.

हे सगळे होईल किती दिवसांत? एक पुस्तक पुसणे, पाने मोजणे, तपकिरी ठिपके आणि कसर तपासणे, चार फोटो, वर्णन, नंतर विकले की बांधून पाठवणे. मी चाळीस मिनिटे धरली, तुम्हाला कमी वाटत असतील. चौदाशे पुस्तकांचे नऊशे तेहतीस तास झाले. आठवड्याला आठ तास दिलेत तर सव्वादोन वर्षे. ही झाली फक्त तुमच्या बाजूची मेहनत. गिऱ्हाईक यायचे तेव्हाच येणार. आज तुमच्या महिन्याला दोन प्रती जातात. तो वेग दहापट वाढून वीस झाला असे मानले तरी चौदाशेला सत्तर महिने, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे लागतात. कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून. त्या हप्त्याच्या भीतीने माणूस पहिल्या वर्षातच चांगली नव्वद पुस्तके पडत्या भावाने काढतो आणि घरात उरतात ती कोणाला नको असलेली आत्मचरित्रे. पुस्तकामागे तीन सेंटिमीटर धरले तर ती चौदाशे पुस्तके बेचाळीस मीटर फळी अडवतील. ओल लागणार नाही अशा बेचाळीस मीटर फळ्या तुमच्याकडे आहेत का, हे पत्रात नाही.

नोकरीचे उत्तर याच आकड्यांत आहे. ११० भागिले ७० महिने, म्हणजे महिन्याला दीड, तेही खरेदीचा पैसा वसूल करण्याआधी. घरखर्च चार. नोकरी सोडण्याचा विचार आज तरी वहीतून खोडून टाका.

आता वस्तूंबद्दल, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की कर्ज अडलेच तर सह्यांच्या बॅटी मदतीला येतील. आधाराला तुम्ही वॉर्नच्या टोपीचे उदाहरण दिले आहे. शेन वॉर्नची ऑस्ट्रेलियाच्या कसोटी संघाची हिरवी टोपी जानेवारी २०२० मध्ये दहा लाख सात हजार पाचशे ऑस्ट्रेलियन डॉलरला गेली हे खरे. पण तो लिलाव वणव्यातल्या आपद्‌ग्रस्तांसाठी होता, त्या किमतीत देणगी मिसळलेली आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुद्द ब्रॅडमन यांची पदार्पणाच्या मोसमातली टोपी साडेचार लाख डॉलरला गेली, निम्म्याहूनही कमी. २०११ च्या अंतिम सामन्यातली धोनीची बॅट लंडनमध्ये एक लाख पौंडांना विकली गेली, तीही धर्मादाय कार्यक्रमात. कौतुक करायला हे आकडे ठीक, पण तुमच्या बॅटीचे मोल त्यावरून काढू नका.

वस्तूंच्या बाजारात खरी किंमत असते ती मागच्या कागदाला. वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्स यांनी ३१ ऑगस्ट १९६८ रोजी वेल्समधल्या स्वान्सीला गोलंदाज माल्कम नॅश यांच्या एका षटकात सहा षटकार मारले. त्या षटकातला म्हणून एक चेंडू २००६ मध्ये लंडनच्या एका नामांकित लिलावात २६,४०० पौंडांना गेला. पुढे वाद उभा राहिला : विकलेला चेंडू ड्यूक बनावटीचा होता आणि नॅश यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी त्या दिवशी टाकला तो सरीज या दुसऱ्या कंपनीचा. चेंडूवर कोणाचे नाव छापले आहे एवढ्यावरून सगळा डोलारा डळमळला.

मी स्वतः एकदा हौसेने संपूर्ण संघाच्या सह्या असलेली छोटी बॅट घेतली होती. घरी येऊन भिंग लावले तर सह्यांच्या रेषा बारीक ठिपक्यांच्या निघाल्या, छापलेल्या. पेनाचा दाब कुठेच नाही, आणि एका सहीची शाई दुसरीवर चढलेली नाही. विकणाऱ्याने प्रमाणपत्रही दिले होते, ते त्याने स्वतःच छापलेले. ती बॅट अजून माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून. तुमच्या दोन्ही बॅटींसोबत सही घेतानाचा फोटो, पत्र किंवा पावती यातले काहीच नाही असे तुम्ही लिहिता. तेव्हा हिशेबात त्यांची किंमत शून्य धरा. मिळाले तर वरकमाई.

मग करायचे काय? सहा महिन्यांचा घरखर्च म्हणजे २४, तो ठेवीतून हलवायचा नाही. उरले ३६. त्या ३६ च्या आत जे बसेल तेवढेच करा. घरच्यांना सांगा, नव्वद पुस्तकांचे ३५ आत्ता रोख देतो. माझ्या हिशेबाने त्यांचे खर्च वजा जाता ६४ येतात आणि महिन्याला पाच गेली तरी दीड वर्षात मोकळे व्हाल. ते म्हणणार, मलई तुम्ही काढलीत आणि ताक आम्हाला ठेवलेत. म्हणणे रास्तच आहे. म्हणून त्याच बैठकीत उरलेली तेराशे दहा विक्रीखर्च वजा जाता तीस-पस्तीस टक्के दलालीवर विकून देण्याची तयारी दाखवा. पुस्तके त्यांच्याच घरी राहतील, तुम्ही दोनशे-दोनशेच्या तुकड्याने आणायची, दर तीन महिन्यांनी हिशेब द्यायचा. खर्च कोणाचा, हरवले तर जबाबदारी कोणाची, दोन वर्षांनी उरलेल्याचे काय, हे सगळे कागदावर. त्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे आणि तुम्ही ओळखीचे आहात, म्हणून तर कागद जास्तच हवा. नव्वदांची तुमच्या मते खरी बाजारकिंमत किती तेही त्यांना सांगून टाका. नंतर कोणा तिसऱ्याकडून कळले तर ओळख जाईल.

एकगठ्ठाच घ्या असा त्यांचा हट्ट असेल तर तुमची बोली ३६, त्याच्या वर नाही. नाही म्हणाले तर उठून या.

विक्री वाढवायची असेल तर वर्णनावर कष्ट घ्या. तुमच्या सध्याच्या जाहिरातींत ‘जुने, छान स्थितीत’ एवढेच असते. आवृत्ती, छपाईचे वर्ष, वेष्टन मूळ आहे की नाही, पाठ कितपत सुटली आहे, कोणाचे नाव किंवा शिक्का आहे, हे लिहा. पॅडविक यांच्या क्रिकेट ग्रंथसूचीतला क्रमांक द्या. १९७७ साली निघालेली ती सूची, आणि १९८४ ची सुधारित आवृत्ती, या धंद्यात सगळे अजून वापरतात. क्रमांक पाहिला की दूरचा गिऱ्हाईक समजतो की विकणाऱ्याला कळते. दोष आधीच सांगितला की पार्सल परत येत नाही. खरेदी-विक्रीची तारीखवार वही आजपासून घाला. नियमित विक्री सुरू झाली की तो करपात्र धंदा ठरतो, तेव्हा करसल्लागाराला पहिल्याच वर्षी भेटा.

आणि वहिनींची अट मान्य करा. घरातल्या साडेसहाशेतून जिवाला चटका न लावता देता येतील अशी दीडशे काढा आणि सहा महिन्यांत विकून दाखवा. घोड्याने गवताशी दोस्ती केली तर खाणार काय, हा या धंद्यातला जुना पेच आहे. दीडशे निवडताना तुम्ही चाळिसावरच अडलात तर तुम्ही संग्राहक आहात, विक्रेते नाही, आणि त्यात वाईट काहीच नाही. फक्त मग तेराशे दहांचा नाद सोडायचा.

राहता राहिला ताजा कलम. तुमच्या विस्डेनच्या रांगेत १९१६ ची जागा रिकामी आहे आणि त्या साठ्यात तो अंक आहे, तेवढा तरी घेऊ का, असे तुम्ही विचारले आहे. तो ३५ च्या हिशेबात धरू नका. मूळ आवरण शाबूत आहे का, पाने पूर्ण आहेत का, नंतरची नक्कल प्रत तर नाही ना, हे पाहा, वेगळी किंमत ठरवा, स्वतःच्या हौसेच्या पैशातून द्या आणि फळीवर ठेवा. विक्रीच्या वहीत त्याची नोंद नको.