परदेशी पाकिटे, बिनचित्राची

प्रश्न : गोव्यात हरमलला किनाऱ्याच्या वाटेवर माझा पान-सिगारेटचा गाडा आहे. सीझनमध्ये पर्यटक परदेशी सिगारेट मागतात, म्हणून स्कूटरवरून येणाऱ्या एका एजंटाकडून माल घ्यायचो, बिलाशिवाय. गेल्या आठवड्यात धोक्याचे चित्र नाही म्हणून पोलिसांनी 46 पाकिटे जप्त केली. एजंट म्हणतो, ‘इम्पोर्टेड मालाला चित्र लागत नाही, दोनशे रुपये दंड भर आणि मोकळा हो.’ पाकिटे मी छापलेली नाहीत, मग गुन्हा माझा कसा? घरी थोडा माल आहे, त्यावर स्टिकर लावू का?

उत्तर : एजंटाचे एकही वाक्य खरे नाही. त्याचा माल खपला, निस्तरणे तुमच्या गळ्यात आले.

2003 च्या ‘कोटपा’ म्हणजे सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांच्या कायद्याचे कलम 7 छापणाऱ्यापुरते नाही. ठरवून दिलेली सूचना नसलेले पाकीट विकणाऱ्यालाही ते लागू होते, आयात मालालाही. पाकिटावर रशियन भाषेत इशारा असला म्हणून भागत नाही. कलम 20 प्रमाणे विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उत्पादकाला शिक्षा जास्त आहे, पण म्हणून तुम्ही सुटत नाही. गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा झोप उडवून घेऊ नका.

दोनशे रुपयांची पावती फाडून मिटतात ते कलम 4 आणि 6 चे गुन्हे : सार्वजनिक जागी ओढणे, अठरा वर्षांखालच्यांना किंवा शाळेजवळ विकणे. तुमचा त्यात बसत नाही. कोणी ‘आतल्या आत मिटवतो’ म्हणाला, तर तो तुमच्याच खिशात हात घालतो आहे असे समजा.

आता पंचनाम्याची प्रत काढून बसा. झडती घेणारा पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा होता का? पाकिटांचा आकडा, ब्रँड नीट लिहिले आहेत का? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 105 प्रमाणे जप्तीचे चित्रीकरण व्हायला हवे, ते मागा. माल 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा तर जिल्हा न्यायाधीशांची मंजुरी लागते. माल सरकारजमा करण्यापूर्वी लेखी नोटीस आणि म्हणणे मांडायची संधी मिळायलाच हवी. नोटीस आली की मुदतीत उत्तर द्या. गप्प बसणारे दुकानदार मी फार पाहिले.

स्टिकरचा विचार सोडा. पाकिटाच्या दर्शनी भागाचा 85 टक्के हिस्सा सूचनेने व्यापलेला असावा लागतो, त्यातले 60 टक्के चित्र, 25 टक्के मजकूर, तेही सरकारने ठरवलेलेच. घरी डिंक लावून हे जमत नाही, आणि धाडीनंतर असे केले तर ती लपवाछपवी ठरेल. घरचा माल विकू नका, शेजाऱ्याकडेही हलवू नका. वकिलाला आधी सांगा, तो कुठे आणि कसा जमा करायचा ते ठरवेल.

मला खरी काळजी बिलाची आहे. बिल नसलेला परदेशी माल म्हणजे कस्टमचा प्रश्न निघू शकतो आणि तो कोटपापेक्षा जड. एजंटाला केलेले यूपीआय पेमेंट, त्याचे व्हॉट्सॲप मेसेज, फोन नंबर, काहीही डिलीट करू नका. माल कुठून आला हे दाखवायला तुमच्याकडे आज तेवढेच आहे. वकिलाशी बोलल्याशिवाय लेखी जबाबावर सही मात्र नको.