गुगल अर्थवर ड्रोनचा नकाशा दाखवा, ब्रास मात्र तिथे मोजू नका

प्रश्न असा आहे: दगडखाणीचे ५ सें.मी. रिझोल्यूशनचे (एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे ५ सें.मी.) ऑर्थोमोझॅक, म्हणजे ड्रोनचे फोटो जोडून केलेले नकाशासारखे चित्र, गुगल अर्थ प्रोमध्ये टाकले की धूसर दिसते आणि बाजूच्या रस्त्याशी जुळत नाही. शिवाय खोदाईचे ब्रास (घनमापाचे एकक) तिथेच मोजता येतील का?

धूसरपणाचे कारण आकार. ५ सें.मी.ला २० हेक्टर म्हणजे ८ कोटी पिक्सेल. एवढे चित्र ग्राफिक्स कार्डाला एका वेळी पेलत नाही. अशा वेळी प्रोग्राम सुपर ओव्हरले (चित्राचे लहान तुकडे म्हणजे टाइल्स करून गरजेपुरत्या दाखवणे), आकार कमी करणे किंवा कापणे असे पर्याय देतो. घाईत दुसरा निवडला की तपशील गेला. त्यापेक्षा आधी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रास्टर मेनूतल्या वार्पने चित्र ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीत, आणा (रीसॅम्पलिंग म्हणजे पिक्सेल नव्याने मांडण्याची पद्धत क्यूबिक ठेवा) आणि पारदर्शकतेचा अल्फा बँड जोडून घ्या, म्हणजे कडेच्या काळ्या पट्ट्या जातात. मग जीडॅल या रूपांतराच्या साधनातल्या ट्रान्सलेटमध्ये केएमएल सुपरओव्हरले हा फॉरमॅट देऊन केएमझेड, म्हणजे गुगल अर्थची फाइल, काढा. टाइल्सचा प्रकार ऑटो ठेवा: कडेच्या पारदर्शक टाइल्स पीएनजी आणि आतल्या जेपेग होतात. सगळ्या जेपेग केल्या तर पारदर्शकता राहत नाही.

नकाशा सहाशे किलोमीटर दूर जाऊन पडला तर यूटीएम झोन (मीटरमधल्या नकाशा-पद्धतीतला रेखांशाचा पट्टा) चुकला आहे. ७८° रेखांशाच्या पश्चिमेला ४३, पूर्वेला ४४. नागपूर-चंद्रपूर ४४ मध्ये येतात. दोन-चार मीटरचा फरक मात्र वेगळा. गुगलची उपग्रह-चित्रेच काही ठिकाणी तेवढी सरकलेली असतात. आपला नकाशा ओढून त्यांच्यावर बसवू नका! चेक पॉइंटवर, म्हणजे जमिनीवर अचूक मोजलेल्या बिंदूंवर, तपासा. ते जुळत असतील तर आपलाच नकाशा बरोबर. आरटीके (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएस) किंवा जीसीपी (नकाशा बसवायला जमिनीवर मोजलेले बिंदू) नसतील, तर चूक आपल्याकडेही असू शकते.

उंचीचा घोळ सर्वात महागात पडतो. आरटीके उंची सहसा एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, गुगल अर्थची समुद्रसपाटीपासूनची. महाराष्ट्रात एलिप्सॉइडवरची उंची जागेनुसार साठ-सत्तर मीटरने कमी येते. म्हणून थ्रीडी मॉडेल ‘ॲब्सोल्यूट’ उंचीवर ठेवले की जमिनीत गडप होते. आधी जिऑइडची (समुद्रसपाटीच्या पातळीची) दुरुस्ती करा. कंटूर रेषा फक्त दाखवायच्या असतील तर ‘जमिनीला चिकटलेल्या’ ठेवा. सीझियम या ब्राउझरमधल्या थ्रीडी पृथ्वीगोलात उलटे आहे, त्याला एलिप्सॉइडचीच उंची लागते.

आता ब्रास. एलिव्हेशन प्रोफाइल उघडले की सुंदर आलेख येतो, पण तो गुगलच्या भूरूपाचा असतो, तुमच्या डीएसएमचा, म्हणजे ड्रोनने काढलेल्या उंचीच्या नकाशाचा नाही. नवी खोदाई त्यात दिसणारच नाही, आणि गुगल अर्थ प्रोमध्ये स्वतःचे भूरूप घालता येत नाही. स्वतःचा डीएसएम पृथ्वीगोलावर पाहायचाच असेल तर सीझियमकडे जा. गुगल अर्थ हद्द दाखवायला, क्षेत्रफळाचा अंदाज घ्यायला उत्तम, आणि जुन्या चित्रांच्या स्लायडरने खाण कोणत्या वर्षी कुठवर आली होती ते पाहायला तर फारच मोलाचे.

घनमापासाठी क्यूजीआयएसमध्ये आधीच्या आणि आताच्या डीएसएमची वजाबाकी करा. दोन्हींची ग्रिड (पिक्सेलांची चौकट) आणि उंचीचा संदर्भ एकच हवा. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. दोन डीएसएममध्ये उंचीची केवळ १० सें.मी. तफावत राहिली तर १ हेक्टरवर १,००० घनमीटरची, सुमारे ३५३ ब्रासची चूक होते. म्हणून न खोदलेल्या पक्क्या जागेवर, खडकावर किंवा रस्त्यावर, दोन्ही डीएसएमचा फरक आधी बघा. तो शून्याजवळ नसेल तर वजाबाकी करू नका.