बऱ्या दिवशी हात आखडता घ्या

*ताई, वय 47. चार वर्षं कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये मणक्यातल्या चकत्यांची झीज निघाली, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. बरं वाटलं की मी माळा, पडदे, दळण सगळं उरकते आणि पुढचे तीन दिवस आडवी. डॉक्टरांनी आता रोज चालायला आणि ध्यान करायला सांगितलंय. घरचे म्हणतात, बघ, म्हणजे मनाचंच आहे. खरंच का? — एक वाचक, सांगली*

नाही. तुमची कंबर खरोखर दुखतेय, आणि हे वाक्य घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलेल्या दुखण्यात पुष्कळदा मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. इजा भरून आली तरी ती धोक्याची घंटा वाजवत राहते. झिजेनंही धास्तावू नका. पाठ अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या सुमारे 80 टक्के माणसांच्या तपासणीतही ती दिसते.

मला खटकला तो तुमचा बरा दिवस. तुंबलेलं सगळं त्याच दिवशी काढायचं, मग झोपून राहायचं, त्यात ताकद आणखी कमी व्हायची. दुखण्याला विचारून नको, घड्याळ बघून चाला. वाईट दिवशीही जमेल एवढंच ठरवा. सात मिनिटं तर सात. बऱ्या दिवशीसुद्धा सातच! अवघड जाईल ते हेच. आठवड्यानं एखाद-दोन मिनिटं वाढवा. थोडं ठणकलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत निवलं, तर घाबरायचं कारण नाही. पोळ्याही एका दमात उभ्यानं लाटायलाच हव्यात असं कुठं आहे?

आता ध्यान. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडे असेच जुन्या दुखण्यांचे रुग्ण येत. शवासनात पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत सावकाश लक्ष न्यायचं. कमरेशी आलात की तिथं ओढ आहे, ऊब आहे की ठणका, एवढंच पाहायचं. “म्हातारपणी माझं कसं व्हायचं” हा विचार त्याला चिकटून येतोच. तो वेगळा ओळखायचा. दुखणं घालवायला म्हणून बसलात तर दर दोन मिनिटांनी “गेलं का?” बघत राहाल.

जादू नाही ही. जुन्या कंबरदुखीवरच्या 2016 च्या अमेरिकन अभ्यासात 26 आठवड्यांनी, हे शिकलेल्यांपैकी सुमारे 60 टक्के लोकांना रोजच्या हालचाली बऱ्याच सोप्या झाल्या. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत 44 टक्के. म्हणून लगेच इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला नाव नोंदवू नका, घरी दहा मिनिटं पुरेत.

गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर चालणं-ध्यान बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.