कोल्हापुरात राहून स्नायूंच्या प्रथिनांवर संशोधनाची सुरुवात करता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचं पहिलं वर्ष सुरू आहे, पुढे स्नायूंच्या प्रथिनांची रचना आणि काम यावर संशोधन करायचं आहे, पण कॉलेजात अल्ट्रासेंट्रिफ्यूज (अतिवेगाने फिरवून कण खाली बसवणारं यंत्र) नाही, क्रायो-ईएम (गोठवलेल्या प्रथिनांची रचना दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) तर नाहीच. मग ही दोन वर्षं फुकट जाणार का?

अजिबात नाही. रचनेचं काम शेवटी शुद्ध आणि जिवंत प्रथिनावर उभं राहतं. ‘जिवंत’ म्हणजे एटीपी (पेशीचं इंधन) फोडण्याचं आपलं काम अजून करणारं. मायोसिन (स्नायू आखडवणारं मुख्य प्रथिन) शुद्ध करणं आणि त्याचा एटीपीएझ, म्हणजे एटीपी फोडण्याचा वेग, मोजणं, या दोन गोष्टी साध्या रेफ्रिजरेटेड सेंट्रिफ्यूजवर आणि कलरीमीटरवर होतात. मी सुरुवात इथूनच करायला सांगेन.

खिमा मीठ घालून मळला की चिकट होतो, हे घरी पाहिलं असेल. ती चिकटाई मुख्यतः मायोसिनची. जास्त क्षारात ते विरघळतं, क्षार कमी केला की तंतू होऊन खाली बसतं. सगळी शुद्धीकरणाची पद्धत या एका गुणावर चालते.

कोंबडीच्या छातीचं मांस घ्या. ब्रॉयलर चालते, गावठीच हवी असं नाही. पण मांस तुमच्यासमोर कापलेलं हवं आणि पाच-दहा मिनिटांत बर्फात जायला हवं. चिकनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, थर्माकोलचा डबा सोबत न्या. कारण असं: कोंबडी कापल्यावर स्नायूतला एटीपी संपत जातो आणि मायोसिन स्नायूतल्या दुसऱ्या तंतू-प्रथिनाला, म्हणजे अ‍ॅक्टिनला घट्ट धरून बसतं. मांस ताठतं ते यामुळेच. ताठलेल्या किंवा फ्रीजमधल्या मांसातून मायोसिन नाही, अ‍ॅक्टोमायोसिनचा, म्हणजे दोन्हींच्या गुंत्याचा, लगदा हाती येतो.

१०० ग्रॅम मांसाची चरबी आणि पांढरे पडदे काढून खिमा करा. ३०० मिली थंडगार द्रावणात (०.३ मोलर पोटॅशियम क्लोराइड म्हणजे केसीएल, लिटरला २२.४ ग्रॅम, आणि ०.१५ मोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ६.५) बर्फावर १० ते १५ मिनिटं हलवा. घड्याळ लावून. अर्धा तास ठेवलं तर जास्त मिळेल असं वाटतं, पण जास्त मिळतं ते अ‍ॅक्टिन. वेळ झाली की चौपट थंड डिस्टिल्ड पाणी घालून मलमलच्या कापडातून गाळा. गाळलेल्या द्रवात आणखी पाणी घालून क्षार ०.०४ मोलरपर्यंत उतरवा. रेशमासारखे चमकणारे धागे फिरताना दिसतील, तेच मायोसिन. रात्रभर थंडीत बसू द्या, वरचं पाणी सायफनने काढा, उरलेलं सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पट) १० मिनिटं फिरवा. गोळा ०.६ मोलर केसीएलमध्ये विरघळवा. मग केसीएल ०.२८ मोलरवर आणलं की अ‍ॅक्टोमायोसिन आधी खाली बसतं. ते फिरवून टाकून द्या आणि वरच्या द्रवातलं मायोसिन पुन्हा पाणी घालून बसवा. ही पायरी वगळू नका. साठवायचं तर ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे २० अंशाला.

तपासायला एसडीएस जेल (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं) चालवा. मायोसिनची जड साखळी २०० किलोडाल्टनच्या वर आहे, ती १२ टक्के जेलमध्ये वरच्या काठालाच अडकते. तिच्यासाठी ७.५ टक्के आणि १६ ते २५ किलोडाल्टनच्या हलक्या साखळ्यांसाठी १५ टक्के, असे दोन जेल करा. ४२ किलोडाल्टनला जाड पट्टा दिसला तर ते अ‍ॅक्टिन, म्हणजे मांस ताठलेलं होतं किंवा वेळ लांबली. २०० च्या खाली भलत्याच ठिकाणी पट्टे आले तर प्रोटीएझने (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने) साखळी चावली आहे. प्रोटीएझ रोखणारं पीएमएसएफ घाला, पण ते पाण्यात टिकत नाही, म्हणून अगदी आयत्या वेळी. ते विषारी आहे, हातमोजे सोडू नका.

आता एटीपीएझ. फुटलेल्या एटीपीतून सुटणारा फॉस्फेट मोजायचा, मॉलिब्डेटच्या निळ्या रंगाने, ६६० नॅनोमीटरला. ही १९२५ ची फिस्के-सुब्बाराव पद्धत. तीतले सुब्बाराव म्हणजे आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव, त्या वेळी हार्वर्डमध्ये. स्नायूच्या अर्कात रंग सावकाश चढतो हे या दोघांच्या लक्षात आलं, आणि त्याचा माग काढताना १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन सापडलं. आम्लात ते हळूहळू फुटून फॉस्फेट सोडत होतं. एटीपीही तसंच थोडंथोडं फुटतं, म्हणून प्रत्येक नळी रंग घातल्यापासून नेमक्या तितक्याच मिनिटांनी वाचा.

एका नळीत ०.६ मोलर केसीएल, ५ मिलिमोलर ईडीटीए (मॅग्नेशियम पकडून ठेवणारं), ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८) आणि २ मिलिमोलर एटीपी. दुसरीत ईडीटीएऐवजी मॅग्नेशियम. २५ अंशाला मायोसिन मिलिलिटरला ०.०५ मिलिग्रॅम घालून दर ३० सेकंदांनी थोडं काढून थंड टीसीएत (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लात) थांबवा. ईडीटीएच्या नळीत रंग भराभर चढेल, मॅग्नेशियमच्या नळीत जवळपास जागचा हलणार नाही. मॅग्नेशियम असताना फुटलेल्या एटीपीचे तुकडे मायोसिन फार सावकाश सोडतं, भराभर अ‍ॅक्टिन भेटल्यावर सोडतं. स्नायू विश्रांतीत एटीपी उधळत नाही याचं बरंचसं कारण इथे आहे.

यात सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते फॉस्फेटमुळे. मायोसिन काढलंच आहे फॉस्फेट बफरमध्ये! ते ट्रिस आणि केसीएलमध्ये दोन-तीनदा डायलिसिस करून घालवलं नाही तर शून्य मिनिटाची नळीही गडद निळी. काचेची भांडी साबणाच्या पावडरने धुतली असतील तर तेच. या कामाची भांडी वेगळी ठेवा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग डिस्टिल्ड पाण्याने विसळा. शून्याच्या नळीत आधी टीसीए, मग प्रथिन, मग एटीपी.

रचनेचा अभ्यास सोबतच सुरू करा, त्याला लॅपटॉप पुरतो. मायोसिनच्या डोक्याची रचना रेमेंट यांच्या गटाने १९९३ मध्ये काढली, आणि तीही कोंबडीच्याच मायोसिनची. प्रोटीन डेटा बँकेत २एमवायएस (2MYS) या क्रमांकाने ती फुकट मिळते. किमेराएक्स या प्रथिनांची रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, एटीपी बसतो तो खळगा आणि अ‍ॅक्टिन धरतो तो भाग शोधा, आणि दोन्हींत किती अंतर आहे ते मोजा. या खळग्यातला छोटा बदल लांब दांड्यासारख्या भागाच्या टोकाला काही नॅनोमीटरची हालचाल कशी घडवतो, हा या विषयाचा गाभा आहे. १९५४ मध्ये दोन हक्सलींनी वेगवेगळ्या सहकाऱ्यांसोबत तंतू सरकतात हे मांडलं. मायोसिन ते नेमके कसे सरकवतं, यावर अजूनही काम चालू आहे.

पुढे पीएच.डी.साठी नेट-जेआरएफ किंवा गेट ही परीक्षा लागेलच. अ‍ॅक्टिनचे तंतू खाली बसवायला ८०,००० जी च्या पुढे जावं लागतं, तेव्हा पुणे किंवा बेंगळुरू गाठावं लागेल. क्रायो-ईएमची राष्ट्रीय सुविधा बेंगळुरूलाच आहे. तोवर शिवाजी विद्यापीठात कुठल्या विभागात कोणतं उपकरण आहे याची चौकशी करून ठेवा. विषयाचा उपयोग काय, असं मुलाखतीत विचारतील. हृदयाच्या मायोसिनमधल्या बिघाडाने हृदयाची भिंत जाड होते, आणि त्यावरचं मावाकॅम्टेन हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते हृदयाच्या मायोसिनचा एटीपीएझ कमी करतं. तुम्ही मोजलेले आकडे, चुकलेल्या नळ्यांसकट, तारखेनिशी वहीत लिहिलेले असू द्या आणि ती वही मुलाखतीला सोबत न्या.