फूरिये रूपांतर आणि 'वारंवारता'चा घोळ

विम्याच्या गणितावर मराठीत टिपण लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे: 'फूरिये ट्रान्सफॉर्म'ला (एखादी नोंद वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरींत मोडून दाखवण्याच्या गणिती पद्धतीला) परिवर्तन म्हणावे की रूपांतर? आणि 'फ्रीक्वेन्सी'साठी सगळीकडे 'वारंवारता' लिहिले तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर रूपांतर. भाषांतर, देशांतर, वेषांतर या शब्दांत 'अंतर' म्हणजे 'दुसरा'. वेषांतर केलेला माणूस तोच असतो, वेष उतरवला की ओळखू येतो. फूरिये रूपांतरही उलट फिरवता येते आणि मूळ फलन (फंक्शन) परत हाती येते. 'परिवर्तन'ला मात्र कायमच्या बदलाची छटा आहे. हृदयपरिवर्तन झालेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा व्हावा, असे कोणी धरून चालत नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पुलावरच्या कंपनांची नोंद रूपांतरित करणाऱ्या इंजिनिअरची वारंवारता म्हणजे सेकंदाला किती कंपने, अर्थात हर्ट्झ. विमावाल्याची वारंवारता म्हणजे वर्षाला किती दावे. विम्यात फूरिये वापरला की दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात येतात, आणि तिथे आडव्या अक्षावर वेळ नसून रुपये असतात! वाचक गोंधळणारच.

उदाहरण घेऊ. एका दाव्याची रक्कम १ हजार किंवा २ हजार रुपये, शक्यता निम्मी-निम्मी. दोन स्वतंत्र दाव्यांची बेरीज २ हजार होण्याची शक्यता पाव, ३ हजारांची निम्मी, ४ हजारांची पाव. या जुळणीला (इंग्रजीत 'कन्व्होल्यूशन') मी 'संवलन' म्हणतो. दोन दाव्यांपुरते ते बोटांवर जमते. दावे ५०० असतील तर एका दाव्याच्या वितरणाचे (कोणत्या रकमेची शक्यता किती, या यादीचे) रूपांतर करायचे, त्याचा ५०० वा घात घ्यायचा आणि उलट रूपांतर करून रुपयांत परतायचे. संवलनाच्या जागी नुसता गुणाकार! कूली आणि टुकी या गणितज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेल्या जलद पद्धतीने संगणकावर हे चटकन होते. एकूण दावे अमुक कोटींच्या वर जाण्याची शक्यता किती, हे त्यातून कळते आणि पुनर्विम्याचा (विमा कंपनीने स्वतःसाठी घेतलेल्या विम्याचा) हप्ता ठरवायला तेच लागते.

हेकमन आणि मायर्स या विमागणितज्ञांनी १९८३ मध्ये विम्यासाठी हीच वाट दाखवली. त्यांच्या इंग्रजी लेखाच्या शीर्षकातही 'फ्रीक्वेन्सी' नाही, 'क्लेम काउंट' आहे. आपणही तसेच करावे: विम्याच्या बाजूला 'दाव्यांची संख्या' आणि 'दाव्याची रक्कम', 'वारंवारता' फक्त फूरियेच्या बाजूला. 'दाव्यांची वारंवारता ३ आहे' असे लिहिण्यापेक्षा 'वर्षाला सरासरी ३ दावे येतात' असे लिहा.