एक लाँच फसलं म्हणून सीईओला नालायक म्हणायचं का?

नुसत्या लाँचवरून मी तरी म्हणणार नाही. पण लाँचच्या आधी वरच्या मंडळींना काय ठाऊक होतं आणि नंतर भुर्दंड कोणाला पडला, हे कळलं की खुशाल मत बनवतो.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करतो. बाहेरच्यांना वाटतं, प्रॉडक्ट बाजारात गेल्यावर दोष सापडला. बऱ्याचदा तो आधीच आमच्या दोषांच्या यादीत असतो. रिलीजच्या बैठकीत यादी सगळ्यांसमोर असते आणि तारीख पुढे ढकलायची की नाही, हे टेस्टर ठरवत नाही. म्हणून लाँच आपटल्यावर 'टीम कमी पडली' असं वरून कोणी म्हणालं की मला तिथेच शंका येते.

'सायबरपंक २०७७' हा गेम घ्या. डिसेंबर २०२० मध्ये आला. सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन ४ या गेमिंग मशीनवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने आठ-दहा दिवसांतच तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकला. पुढच्या महिन्यात गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीच्या सहसंस्थापकाने व्हिडिओ करून जबाबदारी नेतृत्वाची असल्याचं मान्य केलं. ठीक. पण समीक्षकांना लाँचआधी फक्त पीसीची आवृत्ती दिली होती, म्हणजे प्लेस्टेशनवरची अवस्था त्यांना दिसलीच नाही. माझ्या लेखी माफीपेक्षा ही गोष्ट जास्त बोलकी आहे. पुढे कंपनी गेम दुरुस्त करत राहिली, २०२३ मधल्या मोठ्या अपडेटनंतर त्याचं नावही झालं. ते श्रेय द्यायलाच हवं, पण म्हणून आधीची लपवाछपवी पुसली जात नाही.

ॲमेझॉनचा फायर फोन याच्या अगदी उलट. २०१४ चा हा फोन साफ पडला, कंपनीने त्यापायी १७ कोटी डॉलर तोट्यात दाखवले. पण तो फसलेला डाव होता, फसवणूक नव्हती. त्याच वर्षी ॲमेझॉनचाच एको हा आवाजावर चालणारा स्पीकर आला आणि चालला. अशा अपयशावरून मी नेतृत्वाला नापास करणार नाही.

सगळ्यात अवघड केस इंटेलची. १९९४ मध्ये त्यांच्या पेंटियम या कॉम्प्युटर चिपच्या भागाकारात चूक असल्याचं एका गणिताच्या प्राध्यापकाने उघड केलं. कंपनीला ती आधीच कळलेली होती. तरी पवित्रा असा, की सामान्य ग्राहकाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल; ज्याला खरंच गरज आहे त्याने ती पटवून द्यावी, मग चिप बदलून देऊ. आकडेमोड बरोबर असेलही, पण महागडी चिप घेणाऱ्याला असं सांगतात का? डिसेंबरमध्ये आयबीएमने पेंटियमवाले कॉम्प्युटर पाठवणं थांबवलं, त्यानंतर आठच दिवसांत इंटेलने मागेल त्याला चिप बदलून देण्याचं जाहीर केलं. खर्च ४७.५ कोटी डॉलर. सीईओ अँडी ग्रोव्ह १९९८ पर्यंत त्या पदावर राहिले आणि आज त्यांचं नाव आदरानेच घेतलं जातं. त्या दोन महिन्यांपुरतं पाहिलं असतं तर मीही त्यांना घरी पाठवा म्हणालो असतो.

तेव्हा तुमच्या मनात जी कंपनी आहे, तिच्याबद्दल आधी एवढं बघा: पैसे परत मिळतायत का, की ग्राहकालाच पुरावे मागतायत? आणि राजीनामा नेमका कोणाचा घेतलाय? तारीख ठरवणारे जागेवर असतील आणि इंजिनिअरच बाहेर पडत असतील, तर मी पुढच्या लाँचची वाट बघणार नाही.