संघ बदललेल्या खेळाडूंची जुनी बेसबॉल कार्डं: जमवायला बसण्याआधी

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली यादी नीट वाचली. मेहनत दिसते. पण टी-२०६ या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, तंबाखूसोबत मिळणाऱ्या कार्डांपासून १९८१ पर्यंत संघ बदललेला जो खेळाडू हाती लागला तो तू त्यात घातला आहेस, त्यामुळे यादी नुसती फुगली आहे. निम्मी नावं आधी काढून टाक, कारण ती कार्डं व्हेरिएशनच नाहीत. सेट एक, कार्डाचा क्रमांक एक, आणि छपाई चालू असताना मजकूर किंवा चित्र बदलून दोन्ही रूपं पाकिटांतून लोकांच्या हाती गेली, तरच ते व्हेरिएशन.

या कसोटीवर टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या १९७२ च्या सेटमधली ७५१ ते ७५७ ही सात 'ट्रेडेड', म्हणजे संघ बदलल्याची, कार्डं बाद होतात. स्टीव्ह कार्ल्टनचं त्याच सेटमध्ये ४२० क्रमांकाचं मूळ कार्ड आहेच, ७५१ हे त्याचं दुसरं, स्वतंत्र कार्ड. १९७४ मध्ये क्रमांकाला 'टी' जोडून ४४ कार्डांचा जो ट्रेडेड संच आला तोही बाद. रॉजर मॅरिसचं १९६७ चं 'यांकीज' हा जुना संघ लिहिलेलं कार्ड पाहून तू हुरळला आहेस, पण ते कोऱ्या पाठीचं प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वीची चाचणी प्रत आहे. पाकिटातून निघणाऱ्या ४५ क्रमांकाच्या कार्डावर तो कार्डिनल्सचाच आहे. ही सगळी कार्डं जमवायला हरकत नाही, फक्त त्यांची वही वेगळी ठेव.

आता हे बदल का व्हायचे ते बघ, म्हणजे कुठे शोधायचं ते कळेल. १९७३ पर्यंत टॉप्सचा सेट एकदम यायचा नाही. वर्षाच्या सुरुवातीला पहिली मालिका, मग काही आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, असं उन्हाळा सरेपर्यंत चालायचं. पहिली मालिका हिवाळ्यातच छापायला जायची, आणि खेळाडूंची बरीचशी अदलाबदल नेमकी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये व्हायची. यंत्रावर शीट चढलेली आणि बातमी येऊन थडकलेली, अशा वेळी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दर्शनी बाजूला हात न लावता पाठीवरच्या माहितीत एक ओळ घालणं: अमक्या संघाला दिला, तमक्याला विकला. त्या ओळीआधी छापलेल्या प्रती कमी आणि नंतरच्या जास्त, म्हणून या प्रकारात बिनओळीचं कार्ड दुर्मीळ असतं. नवशिके हे उलटं धरतात. त्यांना वाटतं, जादा मजकूर आहे तेच मौल्यवान.

सुरुवात १९६६ पासून कर. तिथे अशी चारच कार्डं आहेत: ६२ मेरिट रॅन्यू, ९१ बॉब युकर, १०३ डिक ग्रोट आणि १०४ अ‍ॅलेक्स जॉन्सन. यातल्या तिघांचा धागा एकच आहे. २७ ऑक्टोबर १९६५ रोजी सेंट लुईस कार्डिनल्सने ग्रोट, युकर आणि बिल व्हाइट यांना फिलाडेल्फिया फिलीजकडे धाडलं आणि बदल्यात अ‍ॅलेक्स जॉन्सन, पॅट कोरालेस व आर्ट महॅफी घेतले. म्हणजे १०३ आणि १०४ ही शेजारची कार्डं एकाच सौद्याच्या दोन बाजू आहेत. बिल व्हाइटचं कार्ड ३९७ क्रमांकाचं, ते नंतरच्या मालिकेत आलं, तोवर बातमी शिळी झाली होती. म्हणून त्याला दोन रूपं नाहीत. असा विचार करायची सवय लागली की यादी पाठ करावी लागत नाही.

१९६७ मध्ये दोनच: २६ बॉब प्रिडी आणि ८६ माइक मॅकॉर्मिक. १३ डिसेंबर १९६६ ला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने प्रिडी आणि कॅप पीटरसन वॉशिंग्टनला देऊन मॅकॉर्मिकला परत आणलं. त्याच १९६७ च्या हंगामात मॅकॉर्मिकने २२ सामने जिंकून नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा) मिळवला. या जोडीची चारही रूपं एकाच पानावर लाव. एवढ्या नेमक्या गोष्टीचं इतकं पूर्ण पान या छंदात फार थोड्या ठिकाणी होतं.

१९५९ ची पाच: ३१६ राल्फ लुमेंटी, ३२१ बॉब जियालोम्बार्डो, ३२२ हॅरी हॅनेब्रिंक, ३३६ बिली लोज, ३६२ डोलन निकोल्स. हॅनेब्रिंक आणि लोज यांच्या पाठीवर 'ट्रेडेड'ची ओळ, बाकी तिघांवर 'ऑप्शन'ची. ऑप्शन म्हणजे हक्क मूळ संघाकडेच ठेवून खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवणं, म्हणून ती तीन कार्डं काटेकोरपणे संघबदलाची नाहीत. तरीही पाचांचा गट मोडू नकोस, सगळे एकत्रच जमवतात. लोजच्या कार्डात आणखी एक वळण आहे. एप्रिल १९५९ च्या सुरुवातीला बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला वॉशिंग्टनला दिलं, काही दिवसांतच तो व्यवहार रद्द झाला आणि तो बाल्टिमोरकडेच खेळला. म्हणजे ओळ छापून सुधारलेलं कार्ड चुकीचं ठरलं आणि बिनओळीचं आपोआप बरोबर!

आता सर्वांत महत्त्वाचं. या अकराही कार्डांची दर्शनी बाजू दोन्ही रूपांत सारखीच असते, त्यामुळे पाठ पाहिल्याशिवाय एक डॉलरही देऊ नकोस. विक्रेता फक्त पुढचा फोटो टाकत असेल तर पाठीचं ६०० डीपीआय स्कॅन माग. आणि ओळ दिसत नाही म्हणजे ओळ नव्हतीच, असं धरून चालू नकोस. ती खरवडून किंवा खोडून काढलेली कार्डं बाजारात फिरतात, कारण फरक एका ओळीचा आणि किमतीत तफावत मोठी.

तपासायची पद्धत अशी. त्याच वर्षाचं, त्याच मालिकेतलं कुठलंही साधं, स्वस्त कार्ड शेजारी ठेव, नुसत्या आठवणीवर तुलना करू नकोस. माहितीचा मजकूर जिथे संपतो त्याच्या लगतची रिकामी जागा १० पट भिंगाखाली बघ. खोडलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतात, आणि खाली छापील रंग असेल तर तो फिका किंवा तुटक होतो. मग खोली अंधारी करून टॉर्च कार्डाच्या कडेला जवळजवळ आडवा धर. घासलेला भाग भोवतालच्या कागदापेक्षा वेगळा चमकतो किंवा अगदीच निस्तेज दिसतो. तिसऱ्यांदा कार्ड दिव्यासमोर धर, तिथे कागद पातळ झाला असेल तर उजेड जास्त झिरपतो. शेवटी ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा, त्यात वरून फासलेला रंग आणि काही रसायनं वेगळी उठून दिसतात. या चारपैकी एकाही ठिकाणी शंका आली तर कार्ड परत कर. 'तसा थोडा डाग आहे' अशी समजूत काढणाऱ्याशी वाद घालत बसू नकोस.

उलट्या दिशेची चूकही होते. शाई कमी पडून ओळ अर्धवट उमटलेली किंवा पुसट झालेली कार्डं निघतात आणि लोक ती बिनओळीची म्हणून विकतात. तो छपाईतला दोष आहे. ओळीतलं एखादं अक्षर जरी भिंगाखाली सापडलं तरी ते ओळीचंच कार्ड.

१९६९ मध्ये प्रकार बदलतो, इथे फरक थेट दर्शनी बाजूला आहे. १५१ क्ले डॅलरिम्पल याची दोन वेगळी चित्रं: फिलीजच्या कार्डावर तो चेंडू झेलायच्या पवित्र्यात, ओरिओल्सच्या कार्डावर नुसता चेहरा. यातलं फिलीजचं दुर्मीळ. २०८ डॉन क्लेंडेनन याचं चित्र एकच, पण संघाचं नाव एकावर ह्यूस्टन आणि एकावर माँट्रियाल एक्स्पोज. इथे एक्स्पोजचं महाग.

क्लेंडेननच्या कार्डामागची हकिगत नीट समजून घे. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा पहिल्या बेसवरचा खेळाडू ऑक्टोबर १९६८ मध्ये नव्या संघांसाठीच्या निवडीत एक्स्पोजकडे गेला. जानेवारी १९६९ मध्ये एक्स्पोजने रस्टी स्टॉबच्या बदल्यात त्याला आणि हेसूस अलूला ह्यूस्टनला दिलं. क्लेंडेननने ह्यूस्टनला जायला साफ नकार दिला. अटलांटाच्या स्क्रिप्टो या पेनं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करीन पण तिकडे खेळणार नाही, अशी त्याची भूमिका होती. बेसबॉलचे नवे कमिशनर बोवी कून यांनी सौदा टिकवला, पण ह्यूस्टनला क्लेंडेननऐवजी दुसरे खेळाडू आणि रोख रक्कम मिळाली, आणि तो एक्स्पोजकडेच राहिला. म्हणजे 'ह्यूस्टन' छापलेलं कार्ड अशा संघाचं आहे ज्याच्यासाठी तो एकही सामना खेळला नाही. जूनमध्ये एक्स्पोजने त्याला न्यूयॉर्क मेट्सला दिलं, आणि ऑक्टोबरमध्ये तीन होमरन मारून तो वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. समोरचा संघ होता ओरिओल्स, आणि त्या संघात क्ले डॅलरिम्पल होता. एका वर्षाच्या संघबदलाच्या दोन्ही जोड्या एकाच वर्ल्ड सीरिजमध्ये समोरासमोर आलेल्या. ही चार कार्डं जमवताना घाई करू नकोस, कोपरे चांगले असलेलीच घे.

१९७४ ला मात्र खेळाडू जागेवर राहिले आणि संघच हलायला निघाला. सॅन दिएगो पाद्रेज वॉशिंग्टनच्या जोसेफ डॅन्झान्स्की यांना विकला जाणार असं जवळजवळ ठरलं होतं. टॉप्सने पाद्रेजच्या पंधरा कार्डांवर 'वॉशिंग्टन' आणि खाली 'नॅशनल लीग' अशी लघुरूपातली अक्षरं छापून टाकली. जानेवारी १९७४ मध्ये मॅक्डोनाल्ड्सचे रे क्रॉक यांनी संघ घेतला, तो सॅन दिएगोतच राहिला आणि टॉप्सला अक्षरं बदलावी लागली. पंधरांत तुला खर्च पडेल तो २५० क्रमांकाच्या विली मॅकोव्हीचा. २२६ हे संघाचं कार्ड. ५९९ या नवोदित पिचर्सच्या कार्डाची तीन रूपं आहेत: वॉशिंग्टन, मोठ्या अक्षरातलं सॅन दिएगो आणि लहान अक्षरातलं सॅन दिएगो. तिसरं लोकांच्या नजरेतून सुटतं. आणि एक सावधगिरी: ४५६ क्रमांकाचं डेव्ह विनफिल्डचं पहिलं कार्ड फक्त सॅन दिएगोचं आहे. कोणी 'वॉशिंग्टन विनफिल्ड' दाखवला तर तो घरी बनवलेला समज आणि पुढे चल.

बाकीची थोडक्यात. १९६२ मध्ये बॉब बूल ४५८ आणि विली टॅस्बी ४६२, टोपीवर संघाचं अक्षर असलेला आणि नसलेला. दोघेही त्याच हंगामाच्या सुरुवातीला दुसरीकडे गेले होते. १९७९ मध्ये ३६९ बम्प विल्स, एकावर ब्लू जेज आणि एकावर त्याचा खरा संघ रेंजर्स. तो ब्लू जेजकडून कधीच खेळला नाही, स्वस्तात मिळतो, घेऊन टाक. १९५१ च्या 'रेड बॅक्स' (लाल पाठीच्या) सेटमध्ये ३६ गस झर्नियल शिकागो आणि फिलाडेल्फिया, ५२ टॉमी होम्स बॉस्टन आणि हार्टफर्ड. ही दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेव.

टी-२०६ कडे सध्या फक्त बघ. रे डेमिट आणि बिल ओहारा यांची सेंट लुईस रूपं हे या प्रकारातलं शिखर आहे, आणि तितकीच ती फसवणुकीची जागा. पहिली खूण पाठीवर: ही दोन्ही फक्त 'पोलर बेअर' तंबाखूच्या जाहिरातीसह आढळतात. पाठीवर पीडमाँट किंवा स्वीट कॅपोरल सिगारेटची जाहिरात आणि पुढे सेंट लुईस असं असेल तर अक्षरं नंतर बदललेली आहेत. पोलर बेअर सुटी तंबाखू होती, कार्ड तिच्यात पडून राहायचं, म्हणून तपकिरी डाग असणं स्वाभाविक. अगदी पांढरंशुभ्र कार्ड दिसलं तर धुतलेलं नाही ना, हे आधी विचार. भिंगाखाली खालचं नाव आणि संघ सलग शाईत हवेत. अक्षरंच ठिपक्यांची बनलेली दिसली तर ती अलीकडची नक्कल. अतिनील दिव्यात कागद निळसर पांढरा उजळला तर तो त्या काळचा नाही. आणि एवढं सगळं जमलं तरी हे कार्ड मान्यवर ग्रेडिंग कंपनीच्या (कार्ड तपासून दर्जा ठरवणाऱ्या) सीलबंद पेटीबाहेर घेऊ नकोस.

पेटीबद्दल एक लक्षात ठेव. लेबलावर व्हेरिएशन लिहिलंय की नाही ते वाच, आणि मग पाठ स्वतःच्या डोळ्यांनी तपास. जुन्या लेबलांवर अनेकदा नुसता क्रमांक असतो. त्यामुळे साध्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्डांत कधीकधी बिनओळीचं निघतं. खुल्या कार्डांच्या खोक्यांतही तसंच. विक्रेते पुढची बाजू बघून कार्डं लावतात, म्हणून ग्रोट आणि प्रिडीची प्रत्येक प्रत उलटून बघ. युकरचं असं सहसा सापडायचं नाही, कारण तो पुढे समालोचक म्हणून इतका लोकप्रिय झाला की त्याचं प्रत्येक कार्ड कोणीतरी आधीच उलटलेलं असतं. त्याची किंमतही टंचाईपेक्षा नावामुळे चढलेली आहे, तेव्हा १९६६ च्या चारांत तो शेवटी घे.

किंमत ठरवताना मागितलेले आकडे बघू नकोस, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे बघ, आणि तेही त्याच दर्जाच्या कार्डाचे. किमान पाच विक्री मिळत नसतील तर थांब.

ठेवण्याचं साधं आहे. आधी मऊ पातळ पिशवी, मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट. नऊ कप्प्यांची पानं वापरशील तर पीव्हीसी नसलेलीच, नाहीतर काही वर्षांत प्लास्टिक चिकट होऊन कार्डाचा चेहरा बिघडवतं. तुमच्या न्यूजर्सीतल्या घरांची तळघरं दमट असतात, तिथे खोकं ठेवू नकोस. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्के राहील अशी वरच्या मजल्यावरची कपाटाची जागा बघ. सुट्टीत काही कार्डं घेऊन मुंबईला येणार असशील तर पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेल लागेलच.

वहीत प्रत्येक कार्डासाठी सेट, क्रमांक, रूप, पाठीवरची ओळ जशी छापली आहे तशी अक्षरशः, तारीख, किंमत आणि तपासणीत काय दिसलं ते लिही. पहिली खरेदी १९६७ ची प्रिडी-मॅकॉर्मिक जोडी असू दे. पैसे देण्याआधी चारही कार्डांच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन मला पाठव, बिनओळीच्या दोन्हींची मजकुराखालची जागा वेगळी मोठी करून.

कळावे,
तुझा
हितचिंतक